चारातला एक

सुभाषनगरात पाण्याच्या मोटारी सुरू व्हायच्या आधी
मी गोळी घेतो.
कोल्हापूरची बाई मी, 'घेतो'च म्हणणार.
मग तासभर चहा नाही.
तो तास वेणीला:
बकऱ्याच्या कातड्याची वादी, तांबडी, भिजवलेली,
एकीवर दुसरी, दुसरीखाली तिसरी.
बोटं गार. मे महिन्यातसुद्धा गार.
पेड कुठं बसला ते डोळ्यांनी बघावं लागायचं.

दर्शना विद्यापीठात जाते, नळ्या-बाटल्यांच्या खोलीत.
परवा कातडी सारून बसली आणि म्हणाली,
आई, तुझ्या गोळीतलं औषध अजून कच्चं असतंय.
चार आयोडीन घेऊन रक्तातनं हिंडतं,
हिंडतं नुसतं.
शिरेच्या भिंतीत स्नायू असतो, बारीक, गोल आवळलेला,
त्याच्या पेशीत एक कारागीर बसतो.
तो चारातला एक काढतो.
तीन उरले की औषध कामाला लागतं,
स्नायू सैल पडतो, वाट रुंद होते.

मी विचारलं, कुठला पण एक?
नाही म्हणाली. बाहेरच्या अंगाचाच.
आतला निघाला तर सगळं वाया.

हे मला कुणी शिकवायला नको.
हिचा बाप चाळीस वर्षं रापीनं तेच करतोय.
तळ येतो म्हशीच्या पाठीचा, फळीसारखा;
तो कडेकडेनं तासत जातो,
एक पापुद्रा चुकला की जोड गेला.
घालून नाही, काढून वळतं चामडं.

पण शिरेच्या भिंतीत?
मला वाटायचं शीर म्हणजे पाईप.

अजून एक सांगितलंन.
माल कमी आला की तो कारागीर जास्त राबतो.
म्हणजे गेली दोन वर्षं,
'थकवा आहे, जाईल' म्हणत मी बसलो होतो तेव्हा
आत कुणीतरी उरलंसुरलं
तासत होतं रात्रभर,
आणि मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

काढलेल्या एकाचं पुढं काय होतं
ते विचारायचं राहिलं.
आमच्यात तासलेलं टाकत नाहीत,
टाचेत भरतात.

आज सकाळी पाण्यातनं वादी उचलली.
गार लागली.
वादी.