तृतीय पुरुष, एकवचन

लाडखेडच्या फाट्यावरून आत तीन कोस,
आमच्या अंगणात रेंज येते ती फक्त न्हाणीच्या भिंतीपाशी.
तिथे बाज ओढून बसते मी रोज सांजेला.
नर्सिंगचं सर्टिफिकेट आहे, करार झाला आहे,
मार्चपासून हॉलंडच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची आहे,
त्याआधी डच सर्वनामं.

इक म्हणजे मी.
इक बाई की बुवा, क्रियापद विचारत नाही.
पुण्याच्या होस्टेलात मी "जातो" म्हणाली की पोरी हसायच्या.
लिहिताना सुधारली. बोलताना अजून जातोच.

ऊ म्हणजे तुम्ही, मानानं.
"ऊ?" माय अंबाडी निवडता निवडता म्हणते,
"म्हाताऱ्याले ऊ म्हनतेत? अन् लिखा कोनाले?"

झेय म्हणजे ती. ते सगळेही झेयच.
एकटी बाई आणि अख्खी पंगत, एका शब्दात;
ओळखायचं क्रियापदावरून.
सरावात मला पाचपैकी दोन मिळाले.

वेय म्हणजे आम्ही. आपणसुद्धा वेयच.
समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं,
तिथे दारच बसवलेलं नाही.
हे मी मायला सांगितलं नाही.
"मंग मले कुठी धरशीन?" म्हणाली असती.

मग आलं हेय. म्हणजे तो.
शेवट नीट ऐकू येत नाही, फोनमधली बाई म्हणते "हे",
मी तिच्यामागून मोठ्यानं: हे. हे. हे.

अंबाडीच्या देठावर मायचा हात थांबला.

बाबाचं नाव तिनं कधी घेतलं नाही.
"हे जेवले." "हे आले नाई अजून."
नऊ वर्षांपूर्वी, तेरवीनंतर कधीतरी,
कुणी न सांगता ती "थे" म्हणायला लागली.
थे असते तं. थ्यायचा सदरा.
जीभ दाताला लागते, एवढंच अंतर.

"थ्या भाषेत दूरच्याले काय म्हनतेत?"
मी पुस्तक चाळलं. वही चाळली.
"बोट दाखवायचे शब्द येगळे हायेत, माय.
पण नुसतं तो म्हणायचं तर एकच."
"जित्ता असो का नसो?"
"एकच."

तिनं देठं सुपातून बाजूला लोटली.
दिवाबत्तीची वेळ झाली होती, उठली नाही.
"मंग म्हन आनखी एकडाव," म्हणाली,
"इतकं हळू कायले म्हनतं?"