साडेआठची नोंद

आम्ही पावसाची माणसं, म्हणजे कागदावरच्या पावसाची.
चोवीस तासांत किती, महिन्याची बेरीज,
खाली सही, वर टाचणी.
भिजण्याचा रकाना आमच्या फॉर्मात नाही.

म्हणून काँग मेरिबानं, ती आवक-जावक बघते,
जुलैतला एक रविवार धरला:
दरी उतरू, पलीकडचा डोंगर चढू,
बाह किटबोक महिनाअखेरीस निवृत्त होतायत,
हार-शाल नको, त्यांना चढण देऊ.
सकाळच्या नोंदीचं काय? साहेब म्हणाले, यंत्र आहे की.

कुणी विचारलं, अंतर किती?
"तीन सुपाऱ्या," बाह किटबोक म्हणाले.
इकडचे जुने लोक वाट अशीच मोजतात,
तोंडातला क्वाइ संपला की एक टप्पा.
शांबोर मोबाइलवर किलोमीटर शोधत राहिला.

पायऱ्या शेवाळानं मऊ, काही जागच्या हललेल्या.
पाठीवर क्नुप, पानांचं नि बांबूचं, पालथ्या होडीसारखं,
फक्त त्यांच्या आणि काँगच्या.
बाकीचे आम्ही रेनकोटात
आतून शिजत होतो.
जळवा कुणाचा हुद्दा विचारत नाहीत.
साहेबांच्या पोटरीवर चार, शांबोरच्या कानामागे एक,
तो ओरडला तशी खालच्या सुपारीच्या बागेतून
कुणी बाई हसली.
दिसली नाही. धुकं.

तारांच्या पुलावर मी मधोमध थांबले.
खालच्या पाण्याला आवाज म्हणावं की भिंत, कळेना.
मागून कुणीतरी काही बोललं,
मी उगाच मान डोलावली.

पहिली सुपारी संपली तिथे साडेआठ वाजले.
घड्याळ कुणी पाहिलं नाही, ते थांबले म्हणून कळलं.
एकतीस वर्षं याच वेळी
जाळीचं फाटक ढकलून नरसाळं उचलणारा हात
पिशवीत गेला,
टवके उडालेला पेला काढून खडकावर ठेवला.
मग हात मागे बांधून उभे राहिले,
चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहतात तसे.
कुणी हसलं नाही. मी तर खाली पाहिलं.

कारण मे महिन्यात ते यंत्र मीच बसवलंय.
पांढरं, सौरपट्टीचं, दर पंधरा मिनिटांनी
आपलं आपण आकडा पाठवणारं.
चहा मागत नाही, रजा मागत नाही.
खड्ड्यासाठी पहार त्यांनीच धरली होती,
"हेप, थोडं डावीकडे घे,
इथे वळचणीचं पाणी उडतं."

माथ्यावर पिवळा भात, सुक्या मासळीची चटणी,
थर्मासातला काळा चहा. आणि रेंज.
सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले.
माझ्या फोनवर स्टेशनचा आकडा:
मध्यरात्रीपासून
शून्य पूर्णांक शून्य.

आमच्या नाकांवरून पाणी ओघळत होतं.
साहेब म्हणाले, सर्व्हर. शांबोर म्हणाला, बॅटरी.
बाह किटबोक घास गिळेपर्यंत थांबले.
"पान अडकलं असेल," म्हणाले,
"तमालपत्राचं. कुंपणापलीकडे झाड आहे ना,
या दिवसांत एखादं येऊन बसतंच नरसाळ्यात.
मी काढतो सकाळी."

काढायचो, असं म्हणाले नाहीत.

त्यांच्या सगळ्या वह्या मी वाचल्यात,
संगणकात चढवताना, एकेक ओळ.
पान कुठेच नाही.
शेऱ्याचा रकाना एकतीस वर्षं कोरा.

परतताना पेला खडकावरच होता, काठोकाठ,
वर एक मुंगी तरंगत.
"किती असेल?" मी विचारलं.
"पेला आहे तो," ते म्हणाले, "मापाचा थोडाच,"
मुंगी बोटानं काठावर घेतली, पाणी ओतून दिलं,
आणि चुना लावलेलं पान माझ्यापुढे केलं.

वाट परतीलाही तीनच सुपाऱ्यांची.
मला चार लागल्या.