कूलरच्या वेळी

गड्डीगोदामचं दुकान, मे महिना,
उघड्या अ‍ॅम्पवर तीनशे दहा व्होल्ट.
"एक हात खिशात ठेव बे,"
सॉलोमनकाका म्हणतो, "मेन बंद केलं
म्हणून कपॅसिटर विसरत नाही न."

पहिल्या व्हॉल्व्हच्या वाट्याला
रेझिस्टरमधून गाळलेले दीडशेच.
"जास्त पाजलं की नुसतं चकचकीत बोलते."

साडेनऊला गल्लीतले कूलर
एकदम घरघरले.
काटा उतरला, दोनशे साठ.
काचेतली लाली मंदावली
आणि गिटारची जाड तार
ओल्या वाळ्यासारखी
दाट, जराशी कुजकट वाजली.

"स्टॅबिलायझर आणू?"

काकाने मान वर केली नाही.
"अजून एकदा वाजव.
पहाटे लोक कूलर बंद करतीन,
मग हा आवाज
मलेबी जमत नाही."