आदरणीय नागरिक

परिपत्रक पणजीहून आलं, चौदा पानं, स्टेपल तिरकी.
मिनेझिससायबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं:
मराठीत सांग सगळ्यांना, सह्या घे.

सांगायला बसले तर पहिल्याच ओळीला अडले.
खातं म्हणजे आपलं पाणीपुरवठा खातं,
आणि खातं म्हणजे ज्याचं त्याचं, मोबाईलमधलं.
आपल्या भाषेत शब्द एकच,
परिपत्रकात मात्र दोघांच्या मध्ये भिंत.
आपलं मत हे खात्याचं मत नव्हे, असं लिहावं.
शिपाई गोकुळदास म्हणाला,
बाय, माझं मत घरीसुद्धा माझं नसतं.
हसत हसत सह्या झाल्या.
रोहिदास झर्मेकर पंपावरून उशिरा आला,
त्याच्या ओल्या बोटांनी शेवटचं पान जरा फुगलं.

मग खात्याचं पान माझ्याकडेच आलं,
वाळपईच्या ऑफिसात देवनागरी टायपिंग मला एकटीला येतं म्हणून.
उत्तर ठरलेलं:
आदरणीय नागरिक, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.
शिवीला हेच. विनंतीला हेच.
कोणी नुसता रिकाम्या कळशीचा फोटो टाकला,
कळशीलाही हेच.

मे महिन्यात नगरगावचा नळ तीन दिवस कोरडा.
एकानं लिहिलं:
तीन दीस जाले, उदक ना. हापिसांत पंखे बरे घुंवतात न्हय?
नाव वाचायची गरजच नव्हती.
त्याचा फोटो माझ्या लग्नातला आहे,
कडेला कापलेलं माझं कोपर, हिरवा चुडा.
उल्हास. धाकटा.
आत कोण बसतं ते त्याला ठाऊक नाही;
कलम चार, पान कोण चालवतं ते उघड करू नये.
मी लिहिलं, आदरणीय नागरिक.
जन्मात पहिल्यांदा त्याला अहोजाहो केलं.
त्यानं लाल चेहरा पाठवला.

रात्री फोन केला त्याला.
जोड फुटलाय, नवा यायचाय, कागद अडकलाय,
यातलं काहीच बोलले नाही.
मानकुराद कितीला दिले, एवढं विचारलं.

रात्री दोन वाजता रोहिदासनं फोटो टाकला, स्वतःच्या खात्यावर.
खड्डा. विजेरी. गुडघाभर चिखल.
पान्यावर एक हात, कोणाचा ते कळत नाही.
खाली एकच ओळ: उजाडेपर्यंत येईल.
कोणी शिवी दिली नाही.
कोणी तरी विचारलं, जेवलास?
आणि उल्हासनं लिहिलं, थांब, चहा घेऊन येतो.
गेलाही, थर्मास घेऊन, स्कूटरवर.

साडेसहाला नळाला आधी हवा आली,
मग तांबडं, मग पाणी.

साडेदहाला सायब म्हणाले, मेमो टाईप कर.
कलम सात. परवानगीवाचून फोटो.
चष्मा काढला, पुसला, घातला.
फोटो चांगला होता, म्हणाले.
वरून फोन आलाय, म्हणाले.
मी टाईप केला, तीन प्रती, श्री. झर्मेकर यांस.
चिखल हा शब्द कुठे बसेना, तर घटनास्थळ लिहिलं.

रोहिदासनं मेमो उभ्यानंच वाचला.
नखांत अजून काळं होतं.
मग खिशातून मोबाईल काढून म्हणाला,
बाय, याचा फोटो काढलेला चालतो?

मी चौदा पानं पुन्हा चाळली.
त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.