पलंगामागे कर

लास्तोवो बेटावर नगरपालिकेचा माणूस
पलंग मोजत फिरतो.
येर्का दारावरची निळी पाटी पदराएवढ्या फडक्याने पुसते,
नोंदणी क्रमांक दिसावा.
पाहुण्यांची नावं कळवलीत,
माणशी, रात्रीमागे कर भरलाय,
आग विझवायचं नळकांडं ओट्याशेजारी, तारखेसकट.

"कागदावर तीन. मला चार दिसतात."

चौथा मागच्या खोलीत,
समुद्राकडे पाय केलेला.
पायथ्याशी लिंबं पसरलीत,
उशीकडे मात्र एकही नाही;
फ्राने गेल्यापासून
तो खळगा तसाच.

"तो भाड्याचा नाही."
"मग कुणाचा?"

येर्का एक लिंबू उचलून पुढे करते.

तो घेत नाही. नियम आहे.
पेन झटकतो,
रकान्यात लिहितो: लिंबांची जागा.
शिक्का दोनदा मारावा लागतो,
शाई सुकलेली.