जबड्याखालची ग्रंथी

तार्तू. जानेवारी. उणे एकोणीस.
खाटिकखान्याच्या मागच्या दाराशी साल्मे उभी,
काखेत थर्मास, थर्मासात बर्फ.
असल्या थंडीत बर्फ सांभाळत येते
म्हणून कुस्तास तिला रोज हसतो.

"आज काय? काळीज? मूत्रपिंड?"
"लाळेची ग्रंथी. मेंढीची. दोन्ही बाजूंची."
तो जबड्याखाली सुरी फिरवतो, दोन बोटं आत घालतो,
आणि द्राक्षाच्या घोसासारखा वाफाळता गोळा
तिच्या हातमोज्यावर ठेवतो.
"हे तर आम्ही कुत्र्यांना..." म्हणतो,
आणि उरलेलं वाक्य गिळतो.

नदीवरच्या पुलावर ती जवळजवळ पळते.
सकाळी हिनं सुकं गवत पाहिलं असेल.
तेव्हा इथूनच सुटलं असेल
तोंडाला पाणी.

वस्तऱ्यानं काप काढायचा,
खालच्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत इतका पातळ.
काचेच्या शंकूत काप, क्षार, चिमटीहून कमी साखर.
मग हवा हाकलून नायट्रोजन भरायचा
आणि साडेसदतीस अंशांच्या पाण्यात हलवत राहायचं,
न झोपणाऱ्या पोराला हलवावं तसं.

नळीतलं निळं पाणी एक मिलीमीटर चढतं.
पाच मिनिटांनी अजून एक.
मेंढी नाही. रक्त नाही. प्राणवायू नाही.
तरी आत कुणीतरी साखर मोडतंय,
घाईनं, अर्धवट,
एकीचे दोन आंबट तुकडे,
बाहेरून कुलूप लागलेल्या घरात
कुणी खुर्च्या फोडून चूल पेटती ठेवावी तसं.

साल्मे आकडे लिहिते.

दुपारी ती आंबवलेल्या कोबीची बरणी उघडते.
वास येतो न येतो तोच
तिच्या कानांखाली काहीतरी आवळतं.
घास हातातच राहतो.
ती जबड्याखाली बोट लावून बघते:
आहे. दुसऱ्या बाजूलाही आहे.

चार वाजता निळं पाणी थांबतं.
ती शेवटचा आकडा दोनदा लिहिते, मग एक खोडते.

संध्याकाळी पुलावर कुस्तास भेटतो, दंड चोळत.
"एकशेचाळीस मेंढ्या," म्हणतो. "हात बघ, उचलत नाहीत."
त्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही.
आमच्यात म्हणतात, आंबलेत.

साल्मे काहीतरी सांगायला तोंड उघडते.
वाफ बाहेर पडते नुसती.
"उद्या चार लागतील," ती म्हणते,
आणि बरणीत उरलेला कोबी
त्याच्या हातात देते.