टॉफीची रात्र

डिसेंबर लागला की गाडीतले खालचे दोन कप्पे मी रिकामे करतो.
बागकाम, महायुद्धं, राजघराणी, सगळं वर.
खाली फक्त नाताळच्या प्रेमकादंबऱ्या,
लाल पाठीच्या, कोपरे दुमडलेल्या,
काहींच्या पानांत मागच्या वर्षीच्या केकचे कण.

वेल्सच्या या डोंगरांत माझ्या फिरत्या ग्रंथालयाचे अकरा थांबे.
कुठल्या थांब्यावर कुणाला काय लागतं, मला पाठ आहे.
मेंढपाळाच्या नेस्टाला बर्फ हवा:
चाळिसाव्या पानाच्या आत रस्ता बंद झालाच पाहिजे
आणि सराईत एकच खोली उरली पाहिजे.
आमच्याकडे बर्फ पडला की माणसं मेंढ्या शोधत फिरतात,
खोलीत थांबतंय कोण!
जुळ्या बहिणींना डबघाईला आलेली बेकरी,
शहरातून परतलेली मुलगी, केकस्पर्धा,
आणि परीक्षक म्हणून नेमका तोच,
जो शाळेत तिच्या वेण्या ओढायचा.
निवृत्त खाटीक इथेल पुस्तक कोटाखाली लपवून नेतो.
त्याला कुत्रा लागतो.
कुत्रा नसला तर दुसऱ्या दिवशी पुस्तक परत.

एलुनेदला मिसलटो लागतो, पण उशिरा.
‘शंभर पानं तरी त्या डहाळीखालून
दोघांना नुसतं ये-जा करू दे,’ ती म्हणते,
‘लगेच मुका घेतला, तर मी वाचू काय?’
तिचा मोस्टिन जाऊन अकरा वर्षं झाली.
तो वाचायचा नाही, घोरायचा,
आणि त्याच्या घोरण्याच्या तालावर ती पानं उलटायची,
असं तिनंच एकदा सांगितलं,
मी शिक्का मारत असताना.

एक गोष्ट मी कुणाजवळ बोललेलो नाही.
तिच्या हाती जाणारं प्रत्येक पुस्तक मी आधी वाचतो,
चढावरच्या दिव्याखाली गाडी लावून,
थर्मासमधला चहा संपेपर्यंत.
मुका साठाव्या पानावर आला
तर ते नेस्टाकडे जातं.

यंदा चॅपेलमागच्या खोलीत पुन्हा टॉफीची रात्र झाली,
पूर्वी घरोघरी व्हायची तशी.
साखर, काकवी, लोणी. पाक गोळीबंद होईतो ढवळायचा,
मग हाताला लोणी फासून दोघादोघांनी ओढायचा,
तपकिरी दोर सोनेरी होईपर्यंत.
शेवटचा चमचाभर थंड पाण्यात सोडायचा.
तो वळतो, आकसतो, एखादं अक्षर होतो.
ज्याचं अक्षर, त्याच्याशी गाठ, म्हणतात.
पोरी खिदळत होत्या. एकीला नुसतं शून्य मिळालं.
ती म्हणाली, ओ, ओवेनचा ओ,
आणि ओवेन दाराकडे सरकला.

मग कुणीतरी एलुनेदच्या हातात चमचा दिला.
नको, नको म्हणत तिनं तो कलता केला.
परातीत पाक बुडाला
आणि दोन शिखरं काढून थिजला.
‘एम,’ ती म्हणाली. अगदी हळू.
मग मोठ्यानं, ‘बघा, मेल्यावरही पिच्छा सोडत नाही.’
सगळे हसले. एकदोघींनी डोळे पुसले.

मी परातीच्या पलीकडे उभा होतो.
माझं नाव विन. डब्ल्यूवरून.
माझ्या बाजूनं ती शिखरं नव्हती,
दोन दऱ्या होत्या.

मी काही बोललो नाही.
शंभर पानं म्हणजे शंभर पानं.

पाणी ओतायला तिनं परात उचलली, वळली
आणि थबकली.
मान वाकडी करून पाण्यात पाहिलं,
मग पाहिलं माझ्या लोणकट हातांकडे.
टॉफी बाहेर काढून कडकन मोडली,
अर्धी मला दिली.
तुकड्याचं कुठलंच अक्षर होत नव्हतं.
ती अशी दातांना चिकटली
की बराच वेळ दोघांनाही बोलता येईना.

मंगळवारी थांब्यावर तिनं पुस्तक परत केलं.
‘नव्वदाव्या पानावरच मुका,’ ती म्हणाली,
‘यंदा नजर चुकली वाटतं तुमची.’

मी शिक्का मारला.
तारीख उलटी उमटली.